स्टुडिओला नाव कुणाचं? मुंबईतल्या एका आर्ट कॉलेजचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईतल्या एका जुन्या, ट्रस्टने चालवलेल्या अनुदानित आर्ट कॉलेजचं आहे. कॉलेजचं नाव देत नाही, माणसांची पण नाही, कारण यातले बहुतेक जण अजून एकाच कँटीनमध्ये समोरासमोर बसून चहा पितात. देणगीची खरी रक्कमही नाही देत, आकडा लागेल तिथे उदाहरणापुरता वापरलाय. मी माजी विद्यार्थी संघाकडून नामकरण समितीवर होतो आणि माझा धंदा साइनेजचा, त्यामुळे पाटी केवढी, अक्षर कसलं, स्क्रू कुठे मारणार हे मला आधी दिसतं आणि बाकीचं नंतर, तेवढं सांभाळून घ्या.

वाद झाला तो तळमजल्यावरच्या मागच्या खोलीवरून, म्हणजे प्रिंटमेकिंग स्टुडिओवरून, जिथे प्लेटवर किंवा दगडावर चित्र करून त्याचे कागदावर छाप काढतात. एक एचिंग प्रेस (अॅसिडने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छाप काढायची), एक बंद पडलेली लिथो प्रेस (दगडावरच्या चित्राचे छाप काढायची), भिंतीला टेकवून ठेवलेले लिथोचे दगड, आणि कोपऱ्यात पत्र्याचं पार्टिशन टाकून केलेली अॅसिडची जागा. झिंकची प्लेट नायट्रिक अॅसिडमध्ये बुडवली की तांबूस वाफ येते, ती नाकातोंडात जाऊ नये म्हणून एक्झॉस्ट लागतो, तो होता पण वर्षानुवर्षं बंद. मग खिडकी उघडायची. जुलैत खिडकी उघडली की पाऊस आत, आणि पाऊस आत आला की प्रेसच्या बेडवर गंज. गंजाचे खड्डे प्रिंटमध्ये उमटतात, मुलं त्याला 'टेक्स्चर' म्हणून मार्क मागायची, हा आपला जुना जोक. प्रेसमध्ये कागदावर घालायची फेल्टची ब्लँकेट्स तर इतकी कडक झाली होती की प्रेशर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. स्टुडिओ असिस्टंटचं पद मंजूर होतं पण रिकामं. थोडक्यात खोली होती, चालत नव्हती.

आता हिला नावं किती ते बघा. दारावर काहीच नाही. आत, शाईच्या डब्यांच्या कपाटामागे एक संगमरवरी पाटी, साठच्या दशकातली, 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ त्यांच्या चिरंजीवांकडून'. कपाट कधी कुणी हलवलं नाही त्यामुळे कित्येक बॅच ती पाटी न बघताच पास होऊन गेल्या. आणि मुलांच्या तोंडी नाव तिसरंच, ज्या सरांनी तिथे आयुष्यभर शिकवलं त्यांच्या आडनावाने. 'कुठेयस?' 'सरांकडे.' सर जाऊन बरीच वर्षं झाली तरी हेच चालू.

अशात एक माजी विद्यार्थी आला. ऐंशीच्या दशकातली बॅच, सरांचाच विद्यार्थी, पुढे पॅकेजिंग छपाईत उतरला आणि चांगला मोठा झाला. त्याने सांगितलं की अख्खा स्टुडिओ नवा करून देतो, नवी प्रेस, एक्झॉस्ट, वायरिंग, फरशी, सगळं. बदल्यात स्टुडिओला आईचं नाव, कायमस्वरूपी. प्रिन्सिपल मॅडमना म्हणाला, "मॅडम, मी कुठे माझं नाव मागतोय? आईचं मागतोय. तिने बांगड्या मोडून माझी फी भरलीय इथे." यावर कोण काय बोलणार. ट्रस्टींनी तिथल्या तिथे हो म्हटलं, पेढे पण वाटले असं ऐकलं.

मग त्याच्या ऑफिसकडून पाटीचं आर्टवर्क आलं आणि तिथून बिघडायला सुरुवात झाली. मागच्या भिंतीवर नाही, मेन गेटवरून दिसेल अशा दर्शनी भिंतीवर, स्टीलची उठावदार अक्षरं, मागून एलईडी. आईचं नाव नऊ इंच उंचीचं, कंपनीचा लोगो त्याच्या टॅगलाइनसकट सहा इंच, आणि 'प्रिंटमेकिंग स्टुडिओ' हे शब्द तीन इंच. मी स्केल लावून बघितलं म्हणून सांगतोय. त्यात 'प्रिंटमेकींग' दीर्घ. आर्ट कॉलेजच्या भिंतीवर! फाइल व्हॉट्सअॅपवर फिरली आणि संध्याकाळपर्यंत नोटीस बोर्डवर मुलांनी स्वतः कापलेल्या लिनोकटचा (लिनोलियमवर कोरलेल्या ठशाचा) प्रिंट लागला, सरांचं नाव, खाली 'स्टुडिओ', बस. कारागिरी मात्र चांगली होती, कबूल करायला हवं.

मुलांचं म्हणणं साधं होतं. सरांनी उभा केलेला स्टुडिओ आहे, नाव द्यायचं तर सरांचं द्या, पैसे दिले म्हणून दुसऱ्या कुणाचं कसं? त्यांच्यातल्या एका मुलीने पुढे जाऊन थेट देणगीदारालाच विचारलं की तुमच्या कारखान्यात गुटख्याची पाकिटं छापली जायची का. खोलीत शांतता. तो म्हणाला, "छापायचो. २०१२ ला राज्यात बंदी आली, बंद केलं. त्याआधी सगळेच छापायचे." ती म्हणाली की सगळे छापायचे हे उत्तर नाही झालं. ट्रस्टींनी विषय बदलला. मला विचाराल तर प्रश्न विचारायलाच हवा होता, आणि त्याने खोटं न बोलता उत्तर दिलं याचेही मी त्याला मार्क देतो, पण ती मुलगी शेवटपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

तिसरी बाजू कुणाच्या डोक्यातच नव्हती. जुन्या संगमरवरी पाटीवाल्या कुटुंबातली नात. विलेपार्ल्याला राहतात, वय सत्तरच्या पुढे, कुठून तरी बातमी लागली आणि त्या ट्रस्टचं एक पिवळं पडलेलं पत्र घेऊन हजर झाल्या. पत्रात 'आपल्या वडिलांचे नाव दालनास कायम राहील' असं स्वच्छ टाइप केलेलं. एका ट्रस्टींनी जरा गोड बोलून बघितलं की ताई, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. त्या म्हणाल्या, "आदर शाईच्या डब्यांमागे ठेवलात का? कपाट सरकवायचं पण कुणाला सुचलं नाही." पुढे कोणी गोड बोललं नाही.

म्हणजे एक खोली, तीन नावं, त्यातल्या दोघांना 'कायम' असा शब्द दिलेला. समिती तेव्हा नेमली. प्रिन्सिपल, दोन ट्रस्टी, विद्यार्थ्यांची एक प्रतिनिधी आणि मी.

पहिल्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे जेजेचा, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा, विषय निघालाच. मुंबईत आर्ट कॉलेज आणि देणगी हे शब्द एका वाक्यात आले की जेजे येणारच. ट्रस्टी म्हणाले, बघा, जमशेटजींनी पैसे दिले, आज पावणेदोनशे वर्षं होत आली तरी नाव आहे ना. आहे. पण ते प्रकरण नीट बघितलं तर आमच्या ट्रस्टींच्या बाजूचं नाहीच. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये १ लाख रुपये देऊ केले ते भिंतींसाठी नाही, इथल्या कारागिरांना चित्रकला, डिझाइन शिकवून इथले उद्योग सुधारावेत म्हणून. १८५१ चं लंडनचं मोठं प्रदर्शन नुकतंच झालेलं, त्यात हिंदुस्थानी कलाकुसरीचं कौतुक झालं होतं, त्याची ती पार्श्वभूमी. शाळा १८५७ ला एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत सुरू झाली. जमशेटजी १८५९ ला गेले. १८६६ ला कारभार सरकारकडे गेला. आणि आपण ज्या इमारतीला जेजेची बिल्डिंग म्हणतो तिथे शाळा गेली १८७८ ला, म्हणजे ज्यांचं नाव आहे त्यांनी ती बिल्डिंग बघितलेलीच नाही. नाव एका कामाला दिलं गेलं आणि ते काम चालू राहिलं, पगार, दुरुस्ती, मॉडेल, कागद हा सगळा खर्च नंतर दुसऱ्याच कुणीतरी वर्षानुवर्षं उचलला, म्हणून नाव राहिलं. दीडेकशे वर्षं सरकारी तिजोरीने जमशेटजींचं नाव सांभाळलं असं म्हटलं तरी चालेल. आमच्या कॉलेजच्या मागे अशी कुठली तिजोरी आहे?

(गुटख्यावाल्या मुलीने इथे हळूच जोडलं की जमशेटजींचा पैसा चीनच्या अफूच्या व्यापारातलाही होता. खरंय. कापूस आणि अफू दोन्ही. ट्रस्टींनी पाणी मागवलं.)

जेजेच्याच आवारातला दुसरा नमुना म्हणजे किपलिंग बंगला. 'जंगल बुक'वाला रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ ला या आवारात जन्मला कारण वडील लॉकवुड किपलिंग इथे शिकवायला आले होते. बंगल्यावर तशी पाटी आहे. पण आत्ता उभा असलेला बंगला १८८२ च्या सुमाराचा असल्याचं अनेक अभ्यासक सांगतात, म्हणजे जन्म झाला तो हा नव्हेच, फार तर त्याच्या जवळपासची जागा. पाटी आहे म्हणून इतिहास बरोबर आहे असं धरून चालू नये एवढंच.

मी स्वतः फ्लोरा फाउंटनचं उदाहरण दिलं, कारण माझ्या धंद्यात ते रोज कामाला येतं. १८६४ चं कारंजं. खर्च सुमारे ४७ हजार, त्यातले २० हजार एकट्या कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांचे. नाव खरं तर गव्हर्नर बार्टल फ्रिअरचं द्यायचं होतं. झालं काय? गव्हर्नरचं राहिलं नाही, देणगीदाराचं कुणाला ठाऊक नाही, लोकांनी वर उभ्या असलेल्या रोमन फुलांच्या देवीचं नाव उचललं, आणि १९६० नंतर चौक हुतात्मा चौक झाला. आज टॅक्सीवाल्याला दोन्ही नावं कळतात, पारेख सांगून बघा. याउलट 'जहांगीरला शो लागलाय' हे आपण इतक्या सहज म्हणतो की ते कुणाचं तरी नाव आहे हेच विसरलोय. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या आठवणीसाठी पैसे दिले, १९५२ ला गॅलरी उघडली, आणि नाव जिभेवर बसलं कारण भाडं परवडेल अशी, कुठल्याही नवख्याला अर्ज करता येईल अशी जागा त्या नावाने इतकी वर्षं मिळत राहिली. पाटीच्या साइजमुळे नाही.

यातलं खरं कामाचं उदाहरण मात्र प्रिन्सिपल मॅडमनी काढलं, आणि तेही आर्ट कॉलेजचं नाही, मेडिकलचं. परळचं सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, केईएमवालं, १९२६ चं. गोवर्धनदासांच्या ट्रस्टींनी पैसे देताना अट घातली की शिकवणारे सगळे भारतीयच हवेत, सरकारी नोकरीतले गोरे डॉक्टर नकोत. त्या काळात ही अट म्हणजे काय होती बघा. आता पाटीवर नाव आहे, पण देणगीदाराने खरं विकत घेतलं ते नाव नाही, कॉलेज कसं चालेल हे ठरवण्याची एक चांगली संधी. मॅडम म्हणाल्या की आपला देणगीदार अट घालतोय नऊ इंचांची, त्याला जरा मोठी अट घालायला शिकवूया.

हे वाक्य मला फार आवडलं. पुढचं सगळं त्यावरूनच सुटलं, पण लगेच नाही.

आधी देणगीदाराच्या ऑफरचा हिशोब मांडला. सगळा पैसा कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर घालवायच्या पैशातून, येणार होता. आणि सगळा एकदाच खर्च होणाऱ्या गोष्टींसाठी, प्रेस, एक्झॉस्ट, फरशी. असिस्टंटचा पगार नाही, ब्लँकेट्स नाहीत, वापरलेलं अॅसिड नीट न्यूट्रल करून विल्हेवाट लावायचा खर्च नाही, एक्झॉस्टच्या मोटरची सर्व्हिसिंग नाही. सोसायटीत लिफ्ट बसवायला लोक हौसेने वर्गणी काढतात आणि मेंटेनन्सची पावती आली की दार लावून घेतात, तोच प्रकार. जुन्या पाटीचं पण हेच झालं होतं हो. ट्रस्टच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्या काढल्या, त्यात सापडलं की नातीच्या कुटुंबाने दिलेली देणगी होती 'दालनाची फरशी व विजेची जोडणी' यासाठी. फरशी उखडली गेली, वायरिंग दोनदा बदललं, नाव तेवढं 'कायम'. ज्या गोष्टीसाठी पैसे दिले ती संपली, आणि पुढे चालवायला मागे काही ठेवलंच नव्हतं, मग कपाट पुढे सरकलं यात नवल काय.

मॅडमनी देणगीदाराला बोलावून विचारलं की चालू खर्चासाठी काही ठेव द्याल का. तो म्हणाला, सीएसआरमधूनच घ्या ना, रक्कम वाढवतो. तेव्हा त्याच्याच सीएने मान हलवली. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठराविक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर घालवायचे असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांनी सीएसआरचा पैसा कुठल्याही संस्थेच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायम ठेवीत, टाकला तर तो सीएसआर म्हणून धरत नाहीत. म्हणजे मशीन घ्या, चालेल. व्याजावर मशीन चालवायला ठेव ठेवा, नाही चालणार. कंपन्या कॉलेजांना भिंती, कॉम्प्युटर आणि एसी का देतात आणि माणसाचा पगार का देत नाहीत याचं निम्मं उत्तर या एका नियमात आहे. दुसरी गोष्टही सीएनेच सांगितली. मालाची जाहिरात होईल अशा स्पॉन्सरशिपला सीएसआर म्हणता येत नाही, तेव्हा तो टॅगलाइनवाला लोगो आधी काढा, नाहीतर ऑडिटमध्ये प्रश्न येईल. जे सांगायला आम्ही शब्द जुळवत होतो ते त्याच्याच माणसाने दोन मिनिटांत उरकलं. शिवाय मशिनरी ट्रस्टच्या मालकीची राहणार आणि ट्रस्टचा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक हवा, तो आमच्याकडे नव्हताच, तो काढण्यात आणखी वेळ गेला.

मग प्रश्न सरळ झाला. मशीन कंपनीच्या पैशातून, ठेव घरच्या पैशातून. आणि आईचं नाव कशाला? आईने काय बिल्डिंग बांधली होती का, तिने फी भरली होती. म्हणजे दर वर्षीचा खर्च. मॅडमनी त्याला हेच सांगितलं, "तुमच्या आईने भिंत नाही दिली, तुम्हाला वर्गात बसवलं. नाव त्याच जागी द्या." आईचं नाव निधीला, आणि निधीतून असिस्टंटचं मानधन, ब्लँकेट्स, अॅसिडची विल्हेवाट, एक्झॉस्टची सर्व्हिसिंग, आणि उरलं तर गरजू मुलांना झिंक प्लेट आणि कागद. उदाहरणादाखल सांगतो, वर्षाचा खर्च ६ लाख धरला आणि ठेवीवर साडेसहा-सात टक्के मिळाले तर ९० लाखांच्या आसपास रक्कम नुसती ठेवून द्यावी लागते, तीही महागाई न धरता. आकडा ऐकून तो गप्प झाला. माझा अंदाज होता माणूस उठून जाणार. गेलाही, महिनाभर फोन उचलला नाही.

ट्रस्टी चिडले. हातातली लक्ष्मी घालवलीत म्हणाले. एका अर्थी बरोबरच होतं त्यांचं, स्टुडिओत मुलं अजून वाफ खात होती आणि आम्ही तत्त्व शिकवत होतो. त्या काळात मला भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियमचा आधार वाटायचा. तिथे महापालिका, इंटॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन मोठी दुरुस्ती झाली, २००५ ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि म्युझियम आजही भाऊ दाजींच्याच नावाने ओळखलं जातं. म्हणजे पैसे देणारा नाव न बदलता पैसे देऊ शकतो, मुंबईतच देतो. पण खरं सांगायचं तर तिथे देणारा फाउंडेशन होता आणि घेणारी महापालिका, इथे एक भावनेच्या भरात आलेला माणूस होता आणि त्याची आई. तुलना तिथेच थांबते.

तो परत आला. पूर्ण रक्कम नाही, सुमारे निम्मी ठेव, दोन हप्त्यांत. आणि एक हट्ट तसाच, 'कायम'. यावर दोन बैठका गेल्या. मी कायमच्या विरोधात होतो आणि आहे. एकदा कायम लिहिलं की पुढच्या पिढीला ते नाव काढायलाही पैसे मोजावे लागतात. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये एव्हरी फिशर हॉल होता, १९७० च्या दशकापासून. दुरुस्तीसाठी नवा देणगीदार हवा होता तर जुन्या कुटुंबाला दीड कोटी डॉलर देऊन नाव सोडवून घ्यावं लागलं, आणि मग २०१५ मध्ये १० कोटी देणाऱ्या डेव्हिड गेफेनचं नाव लागलं. सॅकलर कुटुंबाचं तर सगळ्यांना माहितीच आहे, ओपिऑइड (व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक) गोळ्यांच्या धंद्यावरून फोटोग्राफर नॅन गोल्डिन आणि तिच्या सोबतच्यांनी म्युझियममध्ये आंदोलनं केली, २०१९ ला पॅरिसच्या लूव्रने नाव काढलं, २०२१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने. तेव्हा मुदत हवी आणि नाव काढता येण्याची वाटही हवी. हे मी बोलत असताना ती गुटख्यावाली मुलगी माझ्याकडे बघत होती आणि देणगीदार टेबलाकडे.

तोडगा त्याच्या सीएनेच काढला (या प्रकरणात खरा हिरो तोच, फी पण घेतली नाही). निधी कायम, पाटीला मुदत. म्हणजे ठेव ट्रस्टच्या पुस्तकात आईच्या नावाने कायमची राहणार, ती मोडता येणार नाही, पण स्टुडिओतली पाटी वीस वर्षं, पुढे वाढवायची तर पहिला हक्क कुटुंबाचा. वीस वर्षांत कुटुंबावर किंवा कंपनीवर गंभीर गुन्हा सिद्ध झाला तर ट्रस्ट पाटी उतरवू शकतो, पैसे परत मिळणार नाहीत. आणि उलट बाजूने, ट्रस्टने तिथे प्रिंटमेकिंग बंद करून एसी सेमिनार हॉल वगैरे काढायचं ठरवलं तर कुटुंबाला आक्षेप घेता येईल. हे शेवटचं कलम देणगीदाराने स्वतः मागितलं. मला त्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा आवडला.

सरांचं काय? त्यांच्या घरच्यांना विचारलं तर त्यांची मागणी वेगळीच निघाली. सरांच्या प्लेट्स आणि प्रूफ्स (चाचणीचे छाप) कपाटात लोकसत्ताच्या अंकांत गुंडाळून पडल्या होत्या, काहींना गंज, काही प्रिंट्सना वाळवी. घरचे म्हणाले, दारावरचं नाव राहू दे, आधी ते वाचवा. सीएसआरच्या यादीत प्लॅन चेस्ट (कागद सपाट ठेवायचं उथळ खणांचं कपाट) घातला, अॅसिड-फ्री कागद घातला, दोन मुलांनी सुट्टीत बसून यादी केली, आणि तो सगळा ऐवज आता सरांच्या नावाचा संग्रह म्हणून नोंदवलाय. मुलांना हे थोडं कमी वाटलं. त्यांना दारावरच हवं होतं. दारावर आता फक्त 'प्रिंटमेकिंग स्टुडिओ' एवढंच आहे, ह्रस्व 'कि'सकट, आणि तेच सगळ्यात मोठं अक्षर.

जुनी संगमरवरी पाटी होती तिथेच आहे, कपाट हलवलं. तिच्याखाली एक छोटी ओळ घातली, कुणी, कधी आणि कशासाठी देणगी दिली ती. नात येऊन बघून गेल्या. 'फरशी व विजेची जोडणी' वाचून त्यांना हसू आलं, म्हणाल्या आमच्या घरात तर सांगायचे की अख्खं कॉलेज आजोबांनी बांधलं.

आईच्या नावाची पाटी मी करणार होतो, पण मुलांनी सांगितलं की आम्ही करतो. पितळेची प्लेट, फेरिक क्लोराइडमध्ये एच केलेली, स्टुडिओतच. फेरिकला नायट्रिकसारखी वाफ नाही, पितळेवर कड स्वच्छ येते, फक्त वेळ लागतो आणि गाळ खाली पडत राहावा म्हणून प्लेट पालथी धरावी लागते. अक्षर त्यांनी हाताने काढलं, मी फक्त आकार सांगितला, पाऊण इंच, प्रेसच्या चाकाजवळ डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे प्रिंट काढणाऱ्याला रोज दिसेल आणि गेटवरून कुणालाच दिसणार नाही. देणगीदार उद्घाटनाला आला तेव्हा आधी भिंतीवर शोधत राहिला. मग दिसली. हात फिरवून बघितला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" ती गुटख्यावाली मुलगी त्या टीममध्ये होती पण पुढे आली नाही, दुसऱ्या मुलाने सांगितलं.

सध्याची परिस्थिती अशी. एक्झॉस्ट चालू आहे, अॅसिडची जागा वेगळी झाली, नव्या प्रेसवर दोन बॅचनी काम केलंय. दुसरा हप्ता उशिरा पण आला. व्याजात असिस्टंटचं पूर्ण मानधन बसत नाही, तो आठवड्यातून तीन दिवस येतो, बाकी दिवस स्टुडिओ बंद, यावर मुलांची कुरकुर चालू आहे आणि ती रास्त आहे. मंजूर पद अजून रिकामंच. मुलं अजून 'सरांकडे' जातात. लिथो प्रेस मात्र कुठल्याच खात्यात बसली नाही, सीएसआरवाल्यांना जुन्या मशीनची दुरुस्ती नको होती आणि निधीच्या व्याजात तेवढा वाव नाही, त्यामुळे ती आणि तिचे दगड तसेच आहेत. तिच्यासाठी आम्ही आता दुसरा देणगीदार बघतोय, आणि या वेळी चहाच्या आधी कराराचा मसुदा पुढे ठेवायचा असं ठरलंय, वार्षिक खर्चाचा तक्ता पहिल्या पानावर आणि नावाचं कलम शेवटच्या पानावर.